कामावरचा ताण: नव्याने सुपरवायझर किंवा एचआर झालेल्यांनी सुरुवात कुठून करायची

या कामाला लागले त्या पहिल्या वर्षी मी ताणतणावावर एक व्याख्यान ठेवलं होतं. फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, कॅन्टीनमध्ये, पहिली पाळी सुटल्यावर. मिरजेहून डॉक्टर आले, मनापासून बोलले, दीर्घ श्वसन करून दाखवलं. सगळे डोळे मिटून बसले. उठताना फेटलिंगमधले (ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या खात्यातले) एक अण्णा माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "मॅडम, श्वास घ्यायला येतंय की मला. पण उद्या पाळी कुठली, ते आज रात्री नवाला कळतंय. त्याचं काय करायचं ते सांगा."

त्यांचा प्रश्न पाळीच्या तक्त्याचा होता, आणि तो तक्ता माझ्याच टेबलावर तयार होत होता. त्यानंतर सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात जिथे जिथे काम केलं, तिथे मी त्या वाक्यापासून सुरुवात केली. तुम्ही नुकतेच या खुर्चीत बसला असाल, तर तुम्हीही माणसाच्या स्वभावाकडे वळण्याआधी कामाच्या मांडणीकडे बघा. बहुतेक ताण तिथे तयार होतो आणि तिथेच कमी करता येतो.

भट्टीची धग, ग्राइंडरची ठिणगी, क्रेनला टांगलेला लोड हे धोके डोळ्यांना दिसतात. पाळी आयत्या वेळी बदलणं, दोन साहेबांचे दोन हुकूम, सगळ्यांसमोर खाल्लेल्या शिव्या, पगाराची तारीख हुकणं, कंत्राट पुढे चालणार की नाही याचा पत्ता नसणं, हे दिसत नाहीत. यांना मनोसामाजिक धोके म्हणतात. नाव जड आहे, शेडमध्ये ते वापरू नका; तिथे 'टेन्शन' आणि 'लोड' हेच शब्द चालतात. पण साहेबांपुढे फाइल ठेवताना नाव माहीत असलेलं बरं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२१ साली ४५००३ हे मार्गदर्शक मानक खास या धोक्यांसाठी काढलं. तुमच्याकडे सुरक्षेचं ४५००१ आधीच असेल, तर हे त्याच व्यवस्थेत बसवता येतं, वेगळा डोलारा उभा करावा लागत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. काम जड असलं म्हणजे ताण येतोच असं नाही. संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट आपल्या शेडमध्ये रोज दिसते: काम जड आणि ते कसं, कधी, कुठल्या क्रमाने करायचं यात माणसाला शब्दही नाही, तिथे ताण सर्वांत जास्त. सीएनसीवरचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा) जुना ऑपरेटर दिवसभर राबतो, पण टूल कधी बदलायचं हे तो ठरवतो. त्याच्या शेजारी डीबरिंग करणारा, म्हणजे भागांच्या धारदार कडा घासणारा, पोरगा कमी वजन उचलतो आणि जास्त थकून घरी जातो.

पहिली पायरी: आधी कागद काढा

कुणाला काही विचारण्याआधी तुमच्या कपाटातले कागद तीन-चार दिवस नीट वाचा. मस्टर म्हणजे हजेरीपट, ओटीचं (जादा तासांच्या कामाचं) रजिस्टर, रजेचे अर्ज, अपघातांची आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद, रिजेक्शनचे (नापास मालाचे) आकडे, सोडून गेलेल्यांची यादी. मागच्या बारा महिन्यांचं सगळं. एका मोठ्या कागदावर वर महिने लिहा, बाजूला खाती लिहा आणि भरत जा. खाडे कुठल्या खात्यात जास्त? कुठल्या तारखांना? रिजेक्शन कुठल्या पाळीत वाढतं? एकाच सुपरवायझरच्या हाताखालून वर्षात किती जण सोडून गेले?

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कोअर शॉपचे (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या खात्याचे) खाडे दर महिन्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत दाटलेले दिसले. पगार झाला की माणसं पिऊन पडतात, असं ऑफिसात सगळे धरून चालले होते. पण पगार सात तारखेला व्हायचा आणि खाडे त्याच्या आधीचे होते. महिनाअखेरच्या डिस्पॅचसाठी सलग बारा-बारा तास उभी राहिलेली माणसं महिना उलटला की अंथरूण धरत होती. हे कुणी तोंडाने बोललं नव्हतं. मस्टरमध्ये मात्र वर्षभर लिहिलेलं होतं.

ओटीच्या रजिस्टरला एक पूर्ण दिवस द्या. पक्कं रजिस्टर आणि मुकादमाची कच्ची वही वेगळी असेल, तर कच्ची वही वाचा. आठ तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ४८ तास. आठवड्यात चार दिवस दोन-दोन तास ओटी झाली की ५६. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'थोडी ओटी' म्हणतात, तिथेच ही रेषा ओलांडली जाते. साहेबांना पटवायचं असेल तर हा हिशेब त्यांच्याच रजिस्टरवरून करून दाखवा.

दुसरी पायरी: माणसांशी बोला, पण रीतसर

"तुम्हाला काही टेन्शन आहे का?" असं विचारलंत, तर "नाही मॅडम, सगळं बरं आहे" हेच उत्तर येणार. प्रश्न कामाबद्दल विचारा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने कामावरच्या ताणाची सहा ठिकाणं सांगितली आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, पाठबळ, आपसातले संबंध, आपली भूमिका आणि होणारे बदल. मी त्यांचे असे प्रश्न करून घेतले आहेत:

दिलेलं काम पाळीत बसतं का? बसत नसेल तर काय राहतं?
जेवायला अर्धा तास पुरता मिळतो का, की मशीन चालू ठेवून खावं लागतं?
अडचण आली तर पहिल्यांदा कुणाकडे जाता? तो काय करतो?
तुम्हाला काम सांगणारे किती जण आहेत?
मागच्या महिन्यात कशाची खबर फार उशिरा मिळाली?
इथली कुठली एक गोष्ट बदलली तर घरी गेल्यावर बरं वाटेल?

शेवटचा प्रश्न कधी गाळू नका. सर्वांत कामाची उत्तरं मला त्यावरच मिळाली.

पाच-सहा जणांचे गट करा. त्यांचा सुपरवायझर तिथे नको, मुकादमही नको. बायकांशी वेगळं बोला, शक्यतो बाईनेच. कंत्राटी कामगारांशी वेगळं बोला आणि त्यांचा ठेकेदार दारात उभा नाही ना, हे आधी बघा. वेळ त्यांच्या पाळीतला द्या. पाळी सुटल्यावर बसवून ठेवलंत, तर बेडगला जाणाऱ्याची गाडी चुकते आणि तुमच्या चौकशीचाच एक ताण होतो. रात्रपाळीशी बोलायला रात्रीच जा. रात्रीचा चहा कधी येतो, दिवा कुठला बंद आहे, संडासाला पाणी आहे का, हे दिवसा सांगून कळत नाही.

चिठ्ठ्या लिहून घेणार असाल तर खुणा करायचा कागद द्या. चार जणांच्या खात्यात अक्षर लगेच ओळखू येतं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या खात्याची उत्तरं सुटी करून वर देऊ नका, दुसऱ्या खात्यात मिसळा. एका माणसाचं नाव एकदा फुटलं, की पुढची पाच वर्षं कुणी खरं बोलत नाही.

वीस माणसांच्या शेडमध्ये हे सगळं लागत नाही. तिथे मालकाने आठवड्यातून एकदा चहाच्या वेळी स्वतः बसून वरचे प्रश्न विचारले आणि ऐकलेलं लिहून ठेवलं, तरी भागतं. मात्र मालक बोलत राहिला तर उपयोग नाही.

तिसरी पायरी: लिहून काढा

एक साधी वही करा. धोका काय, कुणाला, साधारण किती जणांना, आत्ता काय सोय आहे, काय करणार, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत. 'कामगारांना ताण आहे' असं लिहू नका, त्यातून कुणालाच काही करता येत नाही. असं लिहा: 'मोल्डिंग, दुसरी पाळी, बारा जण. पाळीत बदल आदल्या रात्री फोनवर कळतो. पुढच्या महिन्याचा तक्ता १५ तारखेला लावायचा. जबाबदारी उत्पादन व्यवस्थापकाची. पुढच्या महिन्यापासून.' हात घालायचा क्रमही ठरवा: जास्त माणसांना लागतं आणि वारंवार लागतं ते आधी.

चौथी पायरी: काम दुरुस्त करा

खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळून योगासनांचा वर्ग सुरू होतो. योगाला माझा विरोध नाही. पण धूर काढायचा पंखा बंद ठेवून नुसते मास्क वाटावेत, तसं ते होतं.

पाळीपासून सुरू करा. तक्ता महिनाभर आधी लावा, निदान पंधरा दिवस आधी तरी. पाळी फिरवायची असेल तर पहिली, दुसरी, रात्र अशी पुढे फिरवा. उलटी फिरवली की झोप जुळायला जास्त त्रास होतो. दोन पाळ्यांत किमान अकरा तासांची मोकळीक ठेवा. तीन ते अकरा करून गेलेल्याला सकाळी सातला परत बोलावलं, तर मधले आठच तास राहतात. त्यातला दीड-दोन तास रस्त्यात जातो, झोप पाच तासांची होते आणि तोच माणूस वितळलेल्या धातूजवळ उभा राहतो. बदली कामगार आला नाही म्हणून पाळीला पाळी जोडण्याची सवय तर पूर्ण मोडा. त्यासाठी प्रत्येक पाळीत एक-दोन माणसं अशी तयार ठेवा, ज्यांना दोन-तीन जागांचं काम येतं.

ओटीबद्दल घाई करू नका. मी एकदा ओटी एका फटक्यात निम्म्यावर आणायला लावली, आणि आठवड्याने माणसं माझ्या दारात उभी होती. गाडीचा हप्ता, पतसंस्थेचं कर्ज, पोराची फी, सगळं ओटी धरून मांडलेलं असतं. तो हिशेब मोडला की नवा ताण उभा राहतो. म्हणून आधी ओटी वाटून द्या. तीच चार माणसं सतत का थांबतात ते बघा. ओटी दोन दिवस आधी सांगा, 'नाही' म्हणण्याची मुभा खरोखर द्या, कायद्याप्रमाणे दुप्पट दराने पैसे द्या. मग सहा महिन्यांत हळूहळू कमी करा. तोवर साहेबांशी मूळ पगारावर बोलायला लागा. हे बोलणं अवघड आहे, पण ओटीवर जगणारं खातं तुमच्या ताणाच्या यादीत कायम वर राहणार.

महिनाअखेरचा डोंगर बहुतेक वेळा स्वतःच रचलेला असतो. ऑर्डर महिन्याच्या सुरुवातीला आलेली, कच्चा माल दहा तारखेनंतर, पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) दुरुस्तीला गेलेला, आणि शेवटचा आठवडा माणसांच्या पाठीवर. विक्री, खरेदी, उत्पादन आणि मेंटेनन्स यांना दर सोमवारी वीस मिनिटं एकत्र उभं केलं आणि कुठला माल कुठे अडकलाय एवढंच विचारलं, तरी फरक पडतो.

भूमिकेचा गोंधळ एका कागदावर सुटतो. उत्पादनवाला म्हणतो काढ, क्वालिटीवाला म्हणतो थांब, मधे उभा ऑपरेटर दोघांच्या शिव्या खातो. मशीनजवळ ठळक अक्षरांत लिहून लावा: माप चुकलं तर लाइन कोण थांबवणार, आणि थांबवणाऱ्याला कुणी बोलायचं नाही.

पगार सात तारखेच्या आत. कंत्राटी माणसाचा पगार ठेकेदाराने थकवला, तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते, हे ठेकेदाराला आणि आपल्या लेखा विभागालाही माहीत असू द्या. कंत्राट संपणार असेल तर महिनाभर आधी सांगा. वाईट बातमी वेळेवर मिळाली तर माणूस काही जुळवाजुळव करू शकतो; अफवेवर त्याला काहीच करता येत नाही.

दुसऱ्या कामांत धोक्यांची रूपं वेगळी असतात. मिरजेच्या दवाखान्यांत नर्सला रोगापेक्षा नातेवाइकांच्या अंगावर येण्याची भीती जास्त असते. तिथे रात्री दोघींची जोडी, दाराशी माणूस आणि गेलेल्या रुग्णाची बातमी डॉक्टरनेच सांगायची, एवढे तीन नियम आधी करा. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हल्ला करणं हा राज्याच्या २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, तो फलक सगळ्यांना दिसेल असा लावा. पतसंस्थेच्या वसुलीवाल्याला एकट्याने रोकड घेऊन फिरवू नका. साखर कारखान्यात हंगामी माणसाला पुढच्या हंगामाचं काय, हे गाळप संपण्याआधी कळू द्या.

पाचवी पायरी: सुपरवायझरची भाषा

एकाच खात्यातून माणसं सारखी जात असतील, तर कारण बहुतेकदा तिथल्या तोंडात असतं. बहुतेक सुपरवायझर चांगले कारागीर म्हणून वर चढलेले असतात. माणसं कशी सांभाळायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, आणि त्यांच्याही डोक्यावर टार्गेट असतंच. त्यांना दोष देत सुरुवात करू नका. चार गोष्टी सांगा. चूक एकट्याला बाजूला घेऊन सांगायची. आईबहिणीवरून, जातीवरून, गावावरून एक शब्द नाही. पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं सगळ्यांना आजचं काम सांगायचं. आणि कुणी अडचण सांगितली, तर दोन दिवसांत होय किंवा नाही, पण उत्तर द्यायचं. हे पाळलं जातं का, ते तुम्ही शेडमध्ये फिरून बघायचं.

छेडछाडीची तक्रार या समजुतीच्या गोष्टींत घालू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि बाहेरची एक सदस्य. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. लहान शेडमधल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे तिला माहीत करून देणं तुमचं काम आहे.

सहावी पायरी: कुणी मोडून पडायला आलं असेल तर

तुम्ही डॉक्टर नाही आणि व्हायचंही नाही. फक्त बदल ओळखा. वेळेवर येणारा उशिरा यायला लागला, डबा एकटा खायला लागला, हात थरथरतात, छोट्या बोलण्यावर उसळतो, लक्ष मशीनवर नसतं. त्याला ऑफिसात 'बोलावून' घेऊ नका, सगळं खातं बघत राहतं. चहाला बरोबर चला आणि विचारा, "मामा, चार दिवस बघतेय, नेहमीसारखे दिसत नाही. झोप होते का?" मग गप्प बसा. बऱ्याच वेळा दोन मिनिटांनी माणूस बोलतो. प्रेस, ग्राइंडर, भट्टी यांवरून त्याला काही दिवस हलक्या जागेवर न्या, पगार न कापता.

"जगून काय करायचंय" अशा अर्थाचं कुणी बोललं, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. कुणाला सांगणार नाही, असं वचन अशा वेळी देऊ नका. ज्याला सांगावं लागेल तेवढ्यालाच सांगेन, असं म्हणा. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, तिथे उतरवून घेताना कुणी बघत नाही. कुणी प्रयत्न केलाच असेल आणि घरचे पोलिसांच्या भीतीने लपवत असतील, तर त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षेची नाही तर उपचाराची गरज मानली जाते.

ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल, तर आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतो. मनाच्या आजारालाही तो चालतो, फक्त डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. माणूस परत येईल तेव्हा पहिले दोन आठवडे रात्रपाळी नको, टार्गेट नको. आणि त्याच्या जागेवर तो नव्हता तेव्हा काय झालं, हे त्याला आधी नीट सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी त्याला वाटतं की आपली जागा गेली.

सातवी पायरी: तीन महिन्यांनी तेच कागद परत

पहिल्या पायरीचा तो मोठा कागद पुन्हा काढा आणि शेजारी नवे तीन महिने भरा. खाडे, ओटी, रिजेक्शन, सोडून गेलेले. त्याच गटांना विचारा की वहीतलं काय झालं आणि काय नुसतं लिहिलंच गेलं. पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. बोलायची सोय झाली की आधी त्या वाढतात. जे जमलं नाही, ते का जमलं नाही हे नोटीस बोर्डावर लिहा.

आणि आपल्या जिल्ह्याचं एक वेगळं वर्षपत्रक करा. आपली निम्मी माणसं मशीनवर असतात आणि निम्मं मन शेतात. द्राक्षांची एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, बेदाण्याचे दिवस, उसाची तोड, जूनमधली शाळेची फी, आषाढी. या दिवसांत रजेचे अर्ज येणारच. तेव्हा मोठी ऑर्डर आणि रजाबंदी एकत्र आणलीत तर खाडे होणारच. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी रोज बोर्डावर लिहा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदीकाठची माणसं शरीराने पाळीत होती आणि जिवाने घरी. म्हणून आता ४० फूट झाले की काठावरच्या गावांतल्या आणि सांगलीच्या गावभागातल्या लोकांना न मागता रजा, पुराच्या आठवड्यात उचल आणि पाणी ओसरल्यावर घर धुवायला दोन दिवस, असं आधीच लिहून सही घेऊन ठेवायला मी सांगते. ती सही मे महिन्यात घ्या. जुलैत साहेबही फोनवर सापडत नाहीत.